टायरला रस्ता लागू नये म्हणून

धाकटीला पाणी खात्यात नोकरी लागली.

हे वाक्य आता विसरून जा. तसं काही झालेलंच नाही. नोकरीचा अजून पत्ता नव्हता आणि धाकटी स्वयंपाकघरात बादलीपुढे उकिडवी बसून शेकायची रबरी पिशवी पाण्यात दाबून धरत होती. तिच्या डोक्याशी तिचे वडील उभे होते.

"घाई नको," ते म्हणाले. "बुडबुडा आपणहून वर येतो. आपण त्याच्या मागे लागायचं नाही."

"आला, बाबा."

"कुठून?"

"मागच्या पॅचच्या शेजारून."

पिशवी आईची होती, कंबर शेकायची. तिला भोक वडिलांनीच पाडलं होतं, दाभणानं, मुलीला पंक्चर काढायला शिकवण्यासाठी. घरात सायकल होती, सायकलला दोन ट्यूबही होत्या, पण धडधाकट ट्यूबला भोक पाडायच्या नुसत्या विचारानं वडिलांच्या अंगावर काटा येई. त्यामुळे आईच्या पिशवीवर आता इतके पॅच झाले होते, की मूळ पिशवी शोधावी लागे. "मला पिशवी शेकत नाही, पॅच शेकतात," आई म्हणायची. यावर वडिलांचं उत्तर असं, की पॅच घट्ट बसल्याची याहून चांगली खूण दुसरी नाही.

वडिलांना सगळी गल्ली टायरसाहेब म्हणायची. उभी नोकरी त्यांनी टायरच्या कारखान्यात काढली, पण टायर बनवण्याकडे नाही, तक्रारींकडे. लोकांनी रागारागानं परत पाठवलेले फाटके, फुगलेले, टक्कल पडलेले टायर रोज त्यांच्या टेबलावर यायचे. जो टायर सुखात होता तो त्यांच्याकडे कधीच आला नाही. आयुष्यभर एकच गोष्ट बघत बसलेल्या माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं : त्यांची खात्री झाली. टायरमध्ये काही दोष नसतो. दोष रस्त्यात असतो, आणि टायर रस्त्यावर नेणाऱ्यात असतो.

निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना एक सायकल भेट दिली. ती त्यांनी जिन्यातून उचलून घरात आणली आणि त्यानंतर तिला जमीन दाखवली नाही.

सायकल कशी ठेवावी याबद्दल कारखान्याचं एक माहितीपत्रक होतं. उन्हात ठेवू नका, रबर तडकतं. ओल लागू देऊ नका, रिम गंजते. तेलाचा हात टायरला पुसू नका. फ्रिजच्या मोटरजवळ ठेवू नका, तिथली हवा रबराला बाधते. हवा कमी असताना वजन टाकू नका. फार दिवस उभी राहणार असेल तर चाकं अधूनमधून थोडी फिरवा, म्हणजे टायर एकाच जागी दबून बसणार नाही. हे सगळे सल्ले खरे आहेत, आणि जगभर लोक ते वाचून विसरतात. टायरसाहेबांनी ते पाळले.

घर दोन खोल्यांचं, शिवाय स्वयंपाकघर. आतली खोली थंड, कोरडी आणि अंधारी, म्हणून ती सायकलला मिळाली. आईवडील बाहेरच्या खोलीत झोपू लागले आणि धाकटी स्वयंपाकघरात. फ्रिजला घराबाहेर काढून जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. तिथं तो पहिल्या आठवड्यातच सार्वजनिक झाला, आणि आईला स्वतःच्या फ्रिजमधलं दूध घेताना वरच्या मजल्यावरच्या बाईला "घेऊ का हो?" असं विचारावं लागू लागलं. थोरला भाऊ लग्न करून लांबच्या गावी राहायला गेला. जाताना एवढंच म्हणाला, की तिथं त्याला खोली आहे.

नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. रस्त्यावर दोन चकरा झाल्या की ते झडतात, म्हणून बहुतेकांनी ते नीट पाहिलेलेही नसतात. या टायरचे केस शाबूत होते. टायरसाहेब ते मऊ ब्रशनं विंचरत.

रविवारी सकाळी घरचे सगळे आतल्या खोलीत जमायचे. वडील दोन्ही चाकं थोडीशी फिरवत, अंगठ्यानं टायर दाबून हवा बघत, आणि मग धाकटी सायकलवर बसायची. सायकल स्टँडवर असायची. मागचं चाक जमिनीपासून वर, हवेत. बेअरिंग जाम होऊ नये म्हणून तिनं पायडल मारायचं. फ्रॉक घालायची तेव्हापासून ती हे करत आली होती. पाठ ताठ, कोपरं सैल, नजर समोर. समोर भिंत होती. डावीकडे वळायचं झालं की ती डावा हात काढायची, उजवीकडे वळायचं झालं की उजवा, आणि भिंत जवळ आल्यासारखी वाटली की घंटी वाजवायची. "काय सफाई आहे!" वडील म्हणायचे. आणि सफाई होतीच. इतकी वर्षं चालवूनही ती एकदासुद्धा पडली नव्हती.

तर पाणी खात्यानं मीटर वाचणाऱ्यांची भरती काढली. दिवसभर गल्ल्यांमधून सायकलनं फिरायचं, घरोघरचे पाण्याचे मीटर बघायचे आणि आकडे उतरवून आणायचे. धाकटीला पगाराचं फारसं नव्हतं. तिला उतार बघायचा होता. वळणापलीकडे काय असतं ते बघायचं होतं. तोंडावर वारा आला की डोळ्यांत पाणी येतं असं तिच्या मैत्रिणी सांगत, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी पारखून घ्यायचं होतं. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटून जाणार होतं, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. अट अशी होती : सोमवारी सकाळी स्वतःची चालती सायकल घेऊन खात्याच्या आवारात यावं, चालवून दाखवावी, आणि निरीक्षकांसमोर एक पंक्चर काढून दाखवावं.

"चालती म्हणजे?" टायरसाहेबांनी विचारलं.

"चालणारी, बाबा."

"कशावर?"

आईनं भाजीतून मान वर न करता म्हटलं, "पाण्यावर. पाणी खातं आहे ना."

त्याच वेळी खालचा शिंपी आला. तो टायरसाहेबांचा सल्ला घ्यायला नेहमी यायचा आणि नेहमी दुःखी होऊन जायचा.

"साहेब, माझी सायकल सारखी पंक्चर होते हो. परवा काढलं, आज पुन्हा."

"पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवलंत?"

"नाही."

"मग काटा आतच राहिला. तो ट्यूबला परत भेटला." टायरसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "पॅच लावायच्या आधी पॉलिश पेपरनं घासलंत?"

"घासलं."

"सोल्युशन लावून वाळू दिलंत?"

"थोडं."

"थोडं!" टायरसाहेब आईकडे वळले. "थोडं म्हणतात." मग परत शिंप्याकडे. "पंक्चर झालं तेव्हा सायकल कुठं होती?"

"रस्त्यावर."

"तिथं कुणी नेली?"

शिंप्यानं इकडेतिकडे बघितलं. "मीच."

"मग?"

शिंपी उठला. दाराशी जाऊन म्हणाला, "चुकलंच माझं," आणि गेला. टायरसाहेबांची हीच खासियत होती. कारखान्यातही त्यांनी कुणाची तक्रार कधी फेटाळली नाही. ते फक्त प्रश्न विचारत जायचे, आणि लोक आपापल्या तक्रारी आपणहून उचलून घरी न्यायचे. धाकटी हे लहानपणापासून शेजारी बसून ऐकत आली होती.

त्या रात्री जेवताना तिनं पान बाजूला सरकवलं. "सायकल दिली नाहीत तर मी शिंप्याची मागून नेईन."

वडिलांचा घास हातातच राहिला. काटा आत राहिलेला टायर, वाळू न दिलेलं सोल्युशन. आपली मुलगी असल्या सायकलवर बसून चार लोकांसमोर जाणार! त्यांनी घास परत पानात ठेवला. शेवटी म्हणाले, "नेऊ. पण जाताना उचलून."

सोमवारी सकाळी सायकल निघाली. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर पांढरी चादर घातली होती. पुढून वडिलांनी खांदा दिला, मागून धाकटीनं. आई हातात पाण्याची बाटली आणि पंक्चरची डबी घेऊन मागून खाली मान घालून चालत होती, कारण तिला हसू आवरत नव्हतं. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊ लागले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मिठाईच्या दुकानवाल्यानं रेडिओ बंद केला.

"कोण गेलं?" कुणीतरी हळूच आईला विचारलं.

"अजून कुणी नाही," आई म्हणाली.

खात्याच्या आवारात इतर उमेदवार आपापल्या सायकली भिंतीला टेकवून उभे होते. एकाच्या सायकलला मडगार्ड नव्हतं, एकीची सीट सुतळीनं बांधलेली होती. आवाराच्या कडेला तक्रारींची खिडकी होती, बंद. तिथला कारकून लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन महिन्याभरापूर्वी निघून गेला होता आणि ती जागा कुणी मागत नव्हतं. निरीक्षक जाडजूड आणि कंटाळलेले होते. पँटच्या पायांना त्यांनी सायकलस्वार लावतात तसल्या क्लिपा लावल्या होत्या आणि ते जीपमधून उतरले होते.

चादर काढल्यावर ते दोन पावलं मागे सरकले.

"अरे वा." वाकून त्यांनी टायरवरून बोट फिरवलं. "याला केस आहेत!"

"विंचरलेले," टायरसाहेब म्हणाले.

"ही सायकल कुणी चालवलीय कधी?"

"दर रविवारी!" धाकटी अभिमानानं म्हणाली.

"मग चालवा बघू. आवाराला एक फेरी."

धाकटीनं सायकल स्टँडवर लावली, ओढणी खोचली आणि बसली. पाठ ताठ, कोपरं सैल. पायडल सुरू झालं. चाक भन्नाट फिरू लागलं. तिनं डावा हात काढला, मग उजवा, घंटी वाजवली. सुतळीच्या सीटवाली मुलगी तोंडात बोट घालून बघत राहिली. निरीक्षकही बघत राहिले. काहीतरी चुकतंय हे त्यांना कळत होतं, पण इतक्या सफाईत नक्की काय चुकतंय ते सापडत नव्हतं.

"छान," ते शेवटी म्हणाले. "आता पुढे या."

"कुठं?"

"इकडं. पुढं. स्टँड काढा ना, बाई."

"काढून?" धाकटीनं विचारलं. तिनं वडिलांकडे पाहिलं. स्टँड काढून चालवायचं हे तिला ठाऊक होतं, रस्त्यावर लोक तेच करताना दिसत. पण आपण चालवतो तेच ते, असंच ती आजवर धरून चालली होती. आता पहिल्यांदा तिनं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

वडिलांनी स्टँड काढला. मागचा टायर जमिनीला टेकला. टायरसाहेबांनी डोळे मिटले.

खरं सांगायचं तर ती पडली असं म्हणता येणार नाही. पडायला थोडं तरी पुढे जावं लागतं. ती बसली, दोन्ही पाय उचलले, डावा हात काढला आणि सायकलसकट उजवीकडे आडवी झाली. आणि त्याच क्षणी ठो! असा आवाज झाला. झाडावरचे कावळे उडाले. निरीक्षक जीपमागे गेले.

टायर फुटला होता. पंक्चर नव्हे, फुटला. इतक्या वर्षांत रबर आतल्या आत मरून गेलं होतं. वरून काळं, चकचकीत, केसांसकट, आणि आतून शिळ्या पावासारखं.

धाकटी उठली. कोपरं सोलवटली होती, पण रडायची सोय नव्हती. "पंक्चर काढते," ती म्हणाली. "तुम्हाला आता भोक पाडायला नको." तिनं पंक्चरची डबी उघडली, रिमच्या कडेत लोखंडी पट्टी घालून टायर उचलला, ट्यूब बाहेर ओढली. ट्यूब हातात आली ती चिंध्या होऊन. तिनं त्यातली एक चिंधी गुडघ्यावर पसरली, पॉलिश पेपरनं घासली, सोल्युशन लावलं, नीट वाळू दिलं. कामात कुठंही खोट नव्हती. पॅच उत्तम बसला. फक्त पॅचभोवतीची ट्यूब गळून पडली, आणि हातात नुसता पॅच राहिला.

"बघितलंस?" वडील भिंतीला टेकून खाली बसले होते. "एकदा. एकदाच रस्त्याला लावली."

"हा रस्ता नाहीये, बाबा," धाकटी म्हणाली. "आवार आहे."

निरीक्षकांनी जीपमागून येऊन कागदावर तिच्यापुढे फुली मारली. ती जाऊन सावलीत बसली. सावली नेमकी तक्रारींच्या खिडकीखाली होती. रुमालानं ती कोपर पुसत होती तेवढ्यात फाटकातून एक दणकट गृहस्थ बिल नाचवत आत आला आणि थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"हे काय आहे? हे बिल आहे का दरोडा? मीटर फिरतंय का भिंगरी? मी इथून हलणार नाही, सांगून ठेवतो!"

धाकटीचं लक्ष नव्हतं. ती आवाराच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती, सुतळीच्या सीटवाली मुलगी फेरी पूर्ण करून येत होती तिकडे. तिनं सवयीनं विचारलं, "मीटर फिरलं तेव्हा नळ उघडा होता?"

"होता! नळ काय बंद ठेवायला घेतात का?"

"कुणी उघडला होता?"

"आम्हीच. घर आहे आमचं."

"घरात किती माणसं?"

"आता माणसं मोजणार का? बायको, मुलं, माझी आई."

"आई कपडे धुताना नळ चालू ठेवतात?"

गृहस्थ थबकला. "ठेवते कधीकधी. वय झालंय तिचं."

"तुम्ही त्यांना कधी सांगितलंत?"

"आईला कसं सांगणार हो?"

"मग?"

गृहस्थानं बिलाची घडी केली. घडीची आणखी घडी केली. "नाही, खरंय तुमचं," तो म्हणाला. "माझंच लक्ष नसतं तिच्याकडे." त्यानं डोळे पुसले आणि बिल भरायच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

निरीक्षकांनी कानामागची पेन्सिल काढली, फुलीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि मग त्या बंद खिडकीकडे पाहिलं.

"बाई," ते जपून म्हणाले, "तुम्हाला बसून काम करायला चालेल का?"

"मला सायकलवर जायचंय," धाकटी म्हणाली.

"सायकल येत नाही तुम्हाला."

"शिकेन."

"शिका की. कामावरून सुटल्यावर."

बाकी सगळं वडिलांनीच ठरवलं. पहिल्यांदा तर ते उठून उभे राहिले. "खिडकीच्या आत खोली कशी आहे?" त्यांनी विचारलं. निरीक्षकांनी कुलूप काढून दाखवली. लहानशी खोली, दगडी भिंती, भर दुपारी दिवा लावावा लागेल इतका अंधार. टायरसाहेब आत जाऊन उभे राहिले, भिंतीला हात लावून बघितला. "ओल नाही," ते म्हणाले. "ऊन नाही, धूळ नाही. याहून चांगली जागा सापडायची नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मुलीचं भलं झालं म्हणून, यात शंका नाही.

"अहो," आई हळूच म्हणाली, "तिच्या तोंडाकडे तरी बघा."

त्यांनी बघितलं. त्यांना काही दोष दिसला नाही.

घरी परतताना त्यांनी सायकल पुन्हा खांद्यावर घेतली, आणि फुटक्या टायरसकट ती आतल्या खोलीत जाऊ लागली तेव्हा आई दारात आडवी झाली. पुष्कळ बोलाचाली झाली. शेवटी आईनं आपली गादी आत टाकली आणि सायकल राहिली तिथंच; आता रात्री कूस बदलली की आईला पायडल लागतं. धाकटी रोज सकाळी चालत कामावर जाते. तिच्या खिडकीपुढे लोक तावातावानं येतात आणि स्वतःची समजूत घालून निघून जातात. तक्रारी इतक्या कमी झाल्या आहेत, की वरून निरीक्षकांचं कौतुक झालं. संध्याकाळी मीटर वाचणारे परत येतात, घामाघूम, केस उडालेले, वाटेतल्या कुत्र्यांना शिव्या घालत. धाकटी काचेतून त्यांच्या सायकलींच्या टायरकडे बघत बसते. एकालाही केस नाहीत.

एवढ्यात तिनं एक अर्ज केला आहे. अर्ज तक्रारींच्या खिडकीतच द्यावा लागतो, म्हणून ती बाहेर जाऊन रांगेत उभी राहिली, मग आत येऊन तिनं तो घेतला, शिक्का मारला आणि वर पाठवला. त्याचा मजकूर असा :

"मा. अधीक्षक यांच्या सेवेशी. विषय : बदलीबाबत. महोदय, अर्जदार तक्रार खिडकीवर कार्यरत असून तिच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही. तरी अर्जदारास सदर खिडकीवरून मुक्त करून मीटर वाचनाच्या कोणत्याही एका फेरीवर, शक्यतो सर्वांत लांबच्या व सर्वाधिक खड्ड्यांच्या, नेमण्यात यावे. फेरीत किमान एक उतार असावा. सायकल खात्यामार्फत मिळावी व ती यापूर्वी इतरांनी भरपूर चालवलेली असावी. प्रशिक्षणाच्या काळात अर्जदार पडल्यास तिला तातडीने उचलण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."